शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा: मुख्याध्यापिका मॅडम आणि संस्थेला खुलं पत्र

मा. मुख्याध्यापिका मॅडम, संस्थेचे पदाधिकारी, आणि माझ्यासारखेच सगळे पालक,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर माझी पोरगी अजून तिथंच शिकणार आहे, आणि दुसरं म्हणजे हे वाचून पिंपरी-चिंचवडातल्या निम्म्या पालकांना आपलीच शाळा वाटेल, मग नावाला काय अर्थ. मार्चमध्ये अर्ज दिला, ऑफिसात शिक्का मारून पोच मिळाली, उत्तर नाही. एप्रिलच्या पालकसभेत विषय काढला तर "वैयक्तिक विषय नंतर बोला" म्हणाले. नंतर म्हणजे कधी ते काय कळलं नाही म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. जूनमध्ये शाळा उघडतेय, पाऊस येतोय, आणि पावसाबरोबर ताप, डोळे, जुलाब ही सगळी मंडळी पण येतात.

आधी माझं काय जळलंय ते सांगतो.

मला दोन मुलं. थोरली आत्ता तिसरी पास होऊन चौथीत गेली. धाकटा चार वर्षांचा, अजून कुठंच घातला नाही कारण त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. म्हणजे लघवीतून प्रोटीन जातं, अंग सुजतं, वाईट दिवस असेल तर सकाळी उठला की डोळे उघडत नाहीत एवढी सूज. औषध म्हणजे स्टेरॉइड, महिनोन्महिने. त्यानं प्रोटीन जायचं थांबतं पण प्रतिकारशक्ती पण खाली बसते. आमच्या घरात रोज सकाळी चहाच्या आधी एक काम असतं. बाथरूमच्या खिडकीत पट्ट्यांची डबी ठेवलेली आहे, त्यातली एक पट्टी त्याच्या पहिल्या लघवीत बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी लावून बघायचा. पिवळी राहिली तर निल. हिरवट व्हायला लागली तर ट्रेस, मग एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस, जेवढी गडद तेवढं वाईट. ते दोनशे पानी वहीत तारीख टाकून लिहायचं. त्याच्या आईच्या अक्षरात निल, निल, निल अशी पानंच्या पानं आहेत. ती वही आमच्याकडं देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असते.

फेब्रुवारीत एका बुधवारी थोरली शाळेतून आली आणि जेवताना सहज म्हणाली, माझ्या बेंचवरच्या मैत्रिणीला लय डास चावलेत, पोटावर पण चावलेत, तिनं दाखवले मला. आम्ही हसलो. बरोबर पंधराव्या दिवशी हिच्या पाठीवर पाण्याचे फोड. कांजण्या. साताऱ्याहून माझ्या आईनं फोनवर ऐकूनच सांगितलं, "अंगावर आलंय पोरीच्या, उशाला कडुनिंबाचा पाला ठेव, आणि धाकट्याला जवळ जाऊ देऊ नको." पण त्याला उशीर झाला होता. कांजण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरत असतात आणि ही दोघं एका चादरीत झोपतात.

डॉक्टरांनी धाकट्याला लगेच औषध सुरू केलं, तरी फोड आलेच. सहा दिवस अॅडमिट, शिरेतून औषध, हाताला पुठ्ठा बांधलेला. वहीत त्या आठवड्यात तीन प्लस, तीन प्लस, तीन प्लस. म्हणजे मूळ दुखणं पण उलटलं, आणि वर्षभर कमी करत आणलेलं स्टेरॉइड परत पहिल्या डोसावर गेलं. आता बरा आहे. गाल स्टेरॉइडनं फुगलेत, शेजारचे म्हणतात बाळसं धरलंय.

शाळेच्या ऑफिसात मला एकानं ऐकवलं, की एवढा नाजूक मुलगा आहे तर त्याला घरी ठेवायचं ना. साहेब, तो घरीच होता.

आता त्या बेंचवरच्या मुलीची आई. ती मला नंतर रस्त्यात भेटली आणि रडली. म्हणाली, मला आदल्या रात्रीच कळलं होतं, पण दुसऱ्या दिवशी घटक चाचणी होती, परत घेत नाहीत, आणि पोरीचा वर्षभर एक पण खाडा नव्हता, तिचं बक्षीस जाणार म्हणून तीच रडायला लागली, मग मी म्हटलं कुणी विचारलं तर डास चावलेत सांग. मला तिचा राग येत नाही. खरं सांगायचं तर रागवायचा हक्कच नाही, कारण त्याच्या महिनाभर आधी मीही तेच केलं होतं.

३ जानेवारीला आपल्याकडं सावित्रीबाईंची जयंती असते. थोरली सावित्रीबाई झाली होती, नऊवारी, कपाळाला आडवी चिरी, भाषण पाठ. सकाळी सहाला अंग तापलेलं, १०१. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि काही न बोलता तिला पॅरासिटामॉलचं सिरप पाजलं. साडेसातच्या व्हॅनला बसवली. हे औषध काय चार-सहा तास ताप दाबून ठेवतं, त्यामुळं भाषण झकास झालं, टाळ्या पडल्या, आणि मधल्या सुट्टीनंतर ती डोकं बाकावर टाकून बसली ते सुटेपर्यंत. व्हॅनमध्ये बारा पोरं, दोन-दोन मांडीवर. त्यातल्या किती जणांना तिनं काय दिलं मला माहीत नाही, पण चार दिवसांत निम्मी व्हॅन रिकामी होती. आणि तिच्या भाषणाच्या शेवटच्या दोन ओळी काय होत्या माहितीय? की १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी आजारी पोराला उचलून दवाखान्यात नेलं आणि त्यातच त्यांना प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्यांनी परक्याचं पोर उचलून दवाखान्यात नेलं, मी माझं स्वतःचं तापलेलं पोर उचलून व्हॅनमध्ये ठेवलं, तेही त्यांच्याच जयंतीला. हे डोक्यातून जात नाही माझ्या.

म्हणून "पालकच बेजबाबदार आहेत" हे तुमचं वाक्य मला अर्धंच पटतं. मी चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत लाइनवर सुपरवायझर आहे. आमच्याकडं पण अटेंडन्स बोनस असतो, महिनाभर खाडा नाही तर हजार रुपये जास्त. काय होतं त्यानं? माणूस तापात येतो. गोळी खाऊन मशीनवर उभा राहतो, चुकीचा पार्ट काढतो, शेजारच्याला ताप देतो, आणि पुढच्या आठवड्यात एकाच्या जागी चार जण गैरहजर. हे मी वर्षानुवर्षं बघतोय. बक्षीस ज्याला लावाल ते वाढतं. तुम्ही बक्षीस तब्येतीला लावलेलं नाही, हजेरीला लावलंय, मग हजेरी वाढणार, आजारी हजेरी पण वाढणार. आणि आमच्याकडं निदान माणसं मोठी आहेत, हजार रुपयाचा हिशेब त्यांना कळतो. इथं आठ वर्षांची पोरं आहेत.

तर आता तक्रारी, एकेक करून सांगतो.

सगळ्यात पहिली हजेरीचं सर्टिफिकेट आणि ती महिन्याची हजेरी ढाल. ढाल तर सर्टिफिकेटपेक्षा वाईट, कारण ती वर्गाला मिळते. एक पोर घरी राहिलं की बाकीची म्हणतात तुझ्यामुळं आपली ढाल गेली. आमच्या थोरलीला कांजण्यांतून उठून आल्यावर पहिल्या दिवशी हेच ऐकवलं गेलं. ऑफिसात विचारलं तर "७५ टक्के हजेरीचा बोर्डाचा नियम आहे" म्हणतात. अहो तो दहावी-बारावीला आहे, आणि त्यात पण आजारपणासाठी सवलत असते. तिसरीतल्या पोराला बोर्ड कुठून आलं?

दुसरी, घटक चाचणी परत घेत नाही ही. वीस मार्काचा पेपर. तो बुडाला की प्रगतिपुस्तकावर "गैरहजर" आणि शून्य. वीस मार्कासाठी आख्खा वर्ग कांजण्यांत काढायचा.

तिसरी माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्हाला माहीत होतं. शेजारच्या तुकडीत आधीच दोन मुलांना कांजण्या होत्या, आणि बेंचवरच्या मुलीच्या आईनं शुक्रवारी वर्गशिक्षिकेला फोन करून सांगितलं होतं. म्हणजे आमच्या पोरीला संसर्ग होऊन फक्त दोन दिवस झाले होते. वर्गशिक्षिकेनं वर विचारलं, वरून आलं की पालकांत घबराट नको, काही कळवू नका. आता त्या दोन दिवसांची किंमत काय होती ते ऐका. कांजण्यांचा संपर्क झाल्यापासून तीन ते पाच दिवसांत लस दिली तर बऱ्याचदा आजार टळतो, नाहीतर हलका तरी होतो. थोरलीला ती लस दिलेली नव्हती. सरकारी कार्डावरचे सगळे डोस पूर्ण होते, आम्हाला वाटलं झालं सगळं, पण कांजण्यांची लस त्या मोफत यादीत नाही, आणि गालगुंडाची पण नाही, सरकारी डोस गोवर-रुबेलाचा असतो. हे मला हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसल्यावर कळलं. धाकट्याला तर स्टेरॉइडमुळं आता देताच येत नाही, ती जिवंत विषाणूची लस असते. आणि समजा लसही जमली नसती, तरी संपर्कापासून दहा ते एकवीस दिवसांत कांजण्या निघतात हे ठरलेलं आहे. आम्ही आठव्या दिवशी थोरलीला साताऱ्याला आजीकडं नेऊन ठेवलं असतं, तीन आठवडे पूर्ण झाल्यावर आणलं असतं. एक एसटीचं तिकीट, बस. पण त्यासाठी कुणीतरी मोबाइलवर एक ओळ टाकायला पाहिजे होती, की वर्गात कांजण्यांची केस आहे. फी भरायची राहिली तर तीन वेळा मेसेज येतो की.

आणि हे फक्त माझ्या घरापुरतं नाही. त्या वर्गातल्या कुणाची आई गरोदर असेल, कुणाच्या घरात केमो घेणारं माणूस असेल, त्यांच्यासाठी कांजण्या म्हणजे पोराटोरांचं दुखणं नसतं. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडं गोवर पसरला आणि लहान लहान मुलं गेली. गोवर तर कांजण्यांपेक्षा पसरायला भयंकर, ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशा दहांपैकी नऊ जणांना आजाऱ्याच्या जवळ राहून तो होतो. तिथं "घबराट नको" म्हणून गप्प बसून चालेल?

चौथी, डॉक्टरचं सर्टिफिकेट. एक दिवस तापानं घरी राहिलं तरी पाहिजे. म्हणजे पोराला नुसती झोप हवी असताना त्याला उठवून दवाखान्यात न्यायचं, खोकणाऱ्या लोकांत तासभर बसवायचं, तीनशे रुपये द्यायचे, आणि कागद आणायचा. तो कागद कुणी वाचत नाही, फाइलला लागतो. आणि उलट बाजूनं बघा, पोर कांजण्यांच्या फोडांवर खपल्या धरायच्या आधी परत आलं तर गेटवर कुणी विचारत नाही. करोनात कपाळाला लावायची ती बंदूक होती ना, ती कुठल्या कपाटात पडलीय देव जाणे.

पाचवी, शाळेत आजारी पोराला पडायला जागा नाही. मुख्याध्यापिकांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसवतात, जिथून सगळी शाळा जाते-येते. आईचा फोन लागला नाही तर संपलं, बापाला फोन करायचं कुणाला सुचत नाही. माझा नंबर फॉर्मवर आहे. शिफ्टला फोन लॉकरमध्ये असतो हे खरं, पण कंपनीचा लँडलाइन पण दिलाय मी.

आणि एक, हे लिहू की नको असं झालं होतं. कांजण्यांची मुलगी वर्गात बसली, पण त्याच महिन्यात आरटीईच्या २५ टक्क्यांतून आलेल्या एका मुलीला उवा सापडल्या म्हणून तीन दिवस घरी बसवलं. सगळ्यांसमोर डोकं बघून. उवांनी कोण मरत नाही, उवांसाठी शाळा बुडवायची गरजच नाही, फणी आणि औषध पुरतं. २०२३ च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ आली, आपल्याकडं पोचायला किती वेळ लागणार, तेव्हा पण ज्यांची पोरं काळे गॉगल घालून आली ती बसली आणि ज्यांच्याकडं गॉगल नव्हता ती परत गेली. डोळ्यात बघून डोळे येत नाहीत मॅडम. हातानं येतात, रुमालानं, टॉवेलनं येतात. गॉगलवाल्या पोरानं डोळा चोळून त्याच हातानं पेन्सिल दिली की झालं. म्हणजे घरी कुणाला पाठवायचं हे आजार बघून ठरत नाही, पोर बघून ठरतं.

आता मागण्या. सगळ्या मिळून एका पंख्याच्या किमतीत बसतील.

पहिलीपासून सातवीपर्यंत हजेरीचं बक्षीस आणि ढाल या जूनपासून बंद. आजारपणात बुडालेली घटक चाचणी पोर आल्यावर आठवड्याभरात घ्यायची, तोंडी घेतली तरी चालेल. तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला आईबापाची सही असलेली चिठ्ठी पुरे. प्रत्येक पोराचे दोन फोन नंबर, दोन वेगळ्या माणसांचे. एका खोलीच्या कोपऱ्यात एक कॉट, एक थर्मामीटर, एक बादली. हातधुण्याच्या नळावर साबण, जो जुलैनंतर पण असेल. आणि संसर्गाची केस कळली की त्याच दिवशी त्या वर्गाच्या पालकांना मेसेज, मुलाचं नाव न घेता, कुठला आजार आणि काय बघायचं एवढंच.

शिवाय एक तक्ता, गेटवर आणि डायरीच्या पहिल्या पानावर. मी तो आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून केला आणि अर्जाला जोडला होता, फाइलमध्ये असेल तर काढा. ताप असेल तर औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसल्यावर यायचं. उलटी-जुलाब थांबून ४८ तास. कांजण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच-सात दिवस. गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस. गोवर असेल तर पुरळ आल्यापासून चार दिवस. खरूज असेल तर औषध लावून झालं की दुसऱ्या दिवशी यायला हरकत नाही. हात-पाय-तोंडावर फोड येतात तो आजार, त्यात ताप गेला आणि फोड सुकले की यावं, कारण शौचातून तो विषाणू आठवडेच्या आठवडे जात राहतो, तेवढे दिवस घरी बसवून उपयोग नाही, तिथं साबणच कामाचा. नुसतं नाक गळतंय, ताप नाही, खेळतंय, जेवतंय, तर पाठवा. प्रत्येक शिंकेला घरी ठेवा असं मी म्हणतच नाही, तसं केलं तर जुलै-ऑगस्ट शाळाच भरणार नाही.

पालकांना पण दोन शब्द, मोठेपणानं नाही. सकाळी सिरप पाजून पाठवू नका. मला माहितीय की सुट्टी मिळत नाही. सरकारी नोकरीतल्या बाईला बालसंगोपन रजा तरी आहे, आपल्यासारख्या प्रायव्हेटवाल्यांना काय आहे? आणि धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायांचा तर खाडा म्हणजे थेट पैसे कट. मनपाच्या शाळेतल्या पोराचं तर घरी राहिलं की दुपारची खिचडी पण जाते. त्यामुळं नुसतं "घरी ठेवा" म्हणणं सोपं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चार घरांनी ठरवलंय, ज्याची सेकंड शिफ्ट किंवा घरून काम असेल आणि ज्याच्या घरात लहान बाळ नाही तो त्या दिवशी आजारी पोराकडं बघणार, पोराला स्वतःच्याच घरात ठेवून. तीनदा झालं आत्तापर्यंत. एकदा मी बघितलं एका पोराला, दिवसभर लुडो खेळलो, सगळ्या डावात हरलो.

मॅडम, तुम्ही वाईट आहात असं मला म्हणायचं नाही. वर्गशिक्षिका तर धाकट्याला हॉस्पिटलात बघायला आल्या होत्या, मास्क लावून, दाराबाहेरूनच हात करून गेल्या, कारण त्यांच्या घरी पण लहान नात आहे. त्यांना कळतं ते नियमात का नाही एवढंच विचारतोय. पहिल्या पालकसभेच्या आधी लेखी उत्तर द्या. हो म्हणा, नाही म्हणा, पण कागदावर.

आपला,
चौथी ब मधल्या एका मुलीचा बाप

ता. क. दुसरीतलं शंभर टक्के हजेरीचं सर्टिफिकेट या पत्राच्या प्रिंटसोबत ऑफिसात परत देतोय. त्या वर्षी ती दोनदा तापात आली होती, एकदा माझ्यामुळं आणि एकदा तिच्याच हट्टानं. फ्रिजवरून काढताना तिनं विचारलं का काढताय, मी सांगितलं. ती म्हणाली मग मॅग्नेट मला द्या.